हाक मारायची तालीम

यवतच्या बाजारात हार्डवेअरच्या दुकानांबाहेर बॅटऱ्या, साखळ्या आणि मोठाली कुलपं लोंबायला लागली की मी समजते, ऊस डोक्यावर गेला. गौरी-गणपती आटोपलेले असतात. पाऊस दमलेला असतो, आठवण आल्यासारखा मधूनच येऊन जातो. बाजरीच्या कणसांत दाणा भरत असतो आणि गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चोर फिरायला लागतात. त्यातले खरे किती आणि फोनमधले किती, हे आजवर कुणाला सांगता आलेलं नाही. माझं हायवेच्या कडेला झेरॉक्स आणि स्टेशनरीचं छोटं दुकान आहे. तिथे बसल्या बसल्या मला या चोरांची इत्थंभूत बातमी मिळते. ते चौघे होते, अंगाला तेल चोपडलेलं होतं, कुत्र्यांना पाव टाकत होते. त्यांना पाहिलेलं असतं मात्र नेहमी कुणाच्या तरी मेव्हण्याने. मी मशीनमध्ये कागद सरकवत हूं हूं करते. पण खोटं कशाला बोलू, संध्याकाळी शटर ओढल्यावर कुलूप दोनदा हिसडून बघते. आणि तसं बघताना भीती वाटायच्या ऐवजी एकदम गलबलून येतं. लोकांना चोरांच्या बातम्यांनी धडकी भरते, मला माहेर आठवतं. आता याला काय म्हणावं!

माझं माहेर मांडवगण फराट्याच्या शिवारात. चौफुल्यावरून पारगावकडे वळायचं, भीमा ओलांडायची, की दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. आमचं घर गावात नाही, वस्तीवर. तीन खोल्या, वर स्लॅब, पुढे ओटा, मागे गोठा. हाकेच्या अंतरावर कुसुमकाकूचं घर, त्याच्या पलीकडे आणखी दोन-चार. उन्हाळ्यात आमच्या ओट्यावरून काकूच्या अंगणातलं वाळवणसुद्धा दिसतं. भाद्रपदात मात्र ऊस असा उभा राहतो की शेजारी आहेत की नाहीत, हे त्यांच्या कुकरच्या शिट्टीवरूनच कळतं. हिरव्या भिंती घरांना वेढून टाकतात, आणि वारा सुटला की त्या भिंती बोलायला लागतात. लहानपणी मला तो आवाज फार आवडायचा. मोठं झाल्यावर तोच आवाज ऐकून माणसं दाराच्या कड्या तपासतात.

ज्या हंगामाची ही आठवण आहे, त्याच्या आदल्या वर्षी अण्णा गेले होते. अण्णा म्हणजे आमचे वडील. आई वस्तीवर एकटी उरली. माझा मोठा भाऊ सुनील, मी त्याला दादा म्हणते, सणसवाडीला एका कंपनीत सेफ्टी डिपार्टमेंटला आहे. कामगारांच्या डोक्यावर हेल्मेट आहे का, जिन्यात तेल सांडलंय का, आगीची घंटा वाजली तर कोण कुठल्या दाराने पळणार, हे बघणं त्याचं काम. असं काम जन्मभर केलं की माणसाला जगात धोक्याशिवाय दुसरं काही दिसत नाही. तो वस्तीवर आला की पाणी प्यायच्या आधी वायरी बघायचा. त्या वर्षी तर दिवेलागणीनंतर आभाळात लुकलुकते दिवे फिरतात अशी आवई उठली होती. ते ड्रोन आहेत, चोर वरून घरं हेरतात आणि मग उसातून येतात, असं जो तो सांगत होता. दादाचं धाबं दणाणलं.

एका रविवारी तो गाडी घेऊन आला, ओट्यावर बसला आणि म्हणाला, "आई, सामान बांध. फ्लॅटवर चल. चौथा मजला हाय, खाली वॉचमन हाय, सीसीटीव्ही हाय."

"आन् मी तिथं काय करू?"

"करायचं काय? बसायचं निवांत."

"बसायला मी काय आजारी हाय व्हय?"

"आई, रिस्क हाय हितं. तू समजून घे."

"मी ह्या घरात आले तवा भिंती मातीच्या व्हत्या, दाराला नुसती ताटी व्हती. तवा भ्याले न्हाई. आता सिमिटाच्या भिंतीत बसून भिऊ?"

बराच वेळ असं चाललं. आई बोलत होती तोऱ्यात, पण तिचे हात पदराचं टोक पिळत होते. ते घर सुटलं तर आपलं काही खरं नाही, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही. फ्लॅटमध्ये गेलेल्या तिच्या मैत्रिणी कशा गॅलरीत खुर्ची टाकून बसतात आणि खालून जाणाऱ्या दूधवाल्याला उगीच हाका मारतात, हे तिने बघितलं होतं. शेवटी मी मध्ये पडले. म्हटलं, दसऱ्यापर्यंत मी येऊन राहते आईजवळ. तोपर्यंत सगळं नीट पार पडलं तर तिला तिथेच राहू द्यायचं.

"आन् मधेच काय झालं तर?" दादा म्हणाला.

"झालं तर येते तुझ्या चौथ्या मजल्यावर," आई म्हणाली. "गपचिप येऊन बसते."

असा करार झाला. दुकान मी नवऱ्यावर टाकलं. तो शांत माणूस आहे, गिऱ्हाइकापेक्षा मशीनशी त्याचं चांगलं जमतं. आणि मी पिशवी भरून माहेरी आले. लग्न झाल्यापासून मी तिथे राखीपौर्णिमेला नाहीतर दिवाळीला जायची, भाऊबीज झाली की परत. एवढा सलग मुक्काम पन्नाशीला टेकल्यावर, तोही चोरांच्या कृपेने! मनातल्या मनात मी त्यांचे आभारच मानले.

घर लढाईला सज्ज करायचं म्हणजे काय, हे मी त्या महिन्यात शिकले. दादाने पहिल्यांदा ओट्याला ग्रिल बसवायचं फर्मान काढलं. रशीदमामांचं फाट्यावर फॅब्रिकेशनचं दुकान. त्यांचे आजोबा बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवायचे, मामा ग्रिल आणि ट्रॉल्या करतात. अण्णांचे जिवलग. ते माप घ्यायला आले तर आई टेपच्या मधोमध उभी.

"रशीदभाऊ, जाळीला हितं एक खिडकी ठेवा. तांब्या जाईल एवढी."

"ती कशाला आक्का?"

"वाटसरूनं पानी मागितलं तर काय नळीनं पाजू त्याला?"

दादा फोनवरून ओरडायला लागला की खिडकीतून हात घालून कोणीही कुलूप उघडेल. आई म्हणाली, मग पाणी मागणाऱ्याला काय सांगायचं, गावात जाऊन पी? रशीदमामांनी दोघांचंही ऐकून घेतलं आणि ज्या दिवशी ग्रिल बसलं त्या दिवशी आमच्याच घरातला तांब्या मागून घेतला. तांब्या अलगद बाहेर गेला. मग त्यांनी स्वतःचा हात घालून दाखवला, तो मनगटाच्या पुढे जाईना. "झालं समाधान?" ते फोनमध्ये म्हणाले, आणि हात काढता काढता त्यांची सालटी निघाली. आईने त्याच खिडकीतून त्यांना हळद दिली.

मग तिखटाचा विषय निघाला. उशाशी मिरचीपूड ठेवावी, चोराच्या डोळ्यात फेकता येते, असं मी कुठेतरी वाचलं होतं. मी डब्याला हात घातला तर आई धावत आली. "ती यंदाची हाय. माहेरून मागवलेली. चोराच्या डोळ्यात घालायला मागल्या वर्षीची हाय की, जाळी धरलेली." माणसाने शत्रूचाही दर्जा ठरवून ठेवावा, तसं झालं. जाळी धरलेली पूड एका पुरचुंडीत बांधून आम्ही फडताळात ठेवली. पुढे मीच एकदा चुकून ती आमटीत घातली आणि दोघींनी पाणी पीत पीत ती आमटी संपवली.

मागच्या दाराची कडी जुनी, हिसका दिला की निघणारी. तिथे रोज संध्याकाळी आम्ही हंडे-कळशांची उतरंड रचायचो. कुणी दार ढकललं की सगळा डोलारा खाली येणार आणि वस्ती जागी होणार, ही आईची युक्ती. पहिल्याच दिवशी पहाटे मांजराने ती पाडली. असा काही आवाज झाला की मी अंथरुणात उठून बसले आणि आईचा हात घट्ट धरला. तिने मला कवटाळलं, लहानपणी ढगांना भ्याल्यावर कवटाळायची तसं. मग दोघींना हसू फुटलं ते थांबेना. सकाळी काकूने विचारलं तर आई गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "आला व्हता. मांजराचं सोंग घेऊन."

आज वाटतं, आमच्याकडे चोरायला होतं तरी काय? अण्णांचा रेडिओ, विहिरीवरची मोटर, चाळीतला कांदा, आईच्या कानातल्या कुड्या. चोराने सगळं नेलं असतं तरी ते पुन्हा घेता आलं असतं. आई राखत होती ते घर, आणि घरात आपण राहू शकतो ही गोष्ट. चोर आला असता तर तिचं जाणार होतं ते तेवढंच.

दादाने कंपनीतली एक शिट्टीही पाठवली होती, गळ्यात अडकवायच्या दोरीसकट. काही झालं की फुंकायची. आईने ती लगेच गळ्यात घातली आणि दुसऱ्या दिवसापासून बाजरीवर बसणाऱ्या पाखरांना हाकलायला वापरायला लागली. मग कोंबड्यांना, मग काकूच्या शेळीला. आठवड्याभरात शिट्टी ऐकून वस्तीवरचं कुत्रंसुद्धा मान उचलेना.

त्याच सुमाराला पोलीस पाटलांनी शाळेच्या पटांगणात बायकांची सभा बोलावली. पोलीस स्टेशनातून एक तरुण मॅडम आल्या होत्या. चुणचुणीत, स्पष्ट बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, तुमचं सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे तुमचा आवाज. जोरात ओरडायचं. कोण ओरडून दाखवतं?

कुणी उठेना. शेवटी कुसुमकाकूला ढकलून उभं केलं. तिने तोंडाला पदर लावला आणि म्हणाली, "चोर आला हो."

"काकू, चोराला चहाला बोलावताय का?" मॅडम म्हणाल्या. सगळं पटांगण हसलं. काकूही हसत खाली बसली. पण त्या हसण्यातच माझ्या लक्षात आलं की या सगळ्या बायका दिवसभर गुरांवर, पोरांवर आवाज चढवतात, तरी मदतीला या म्हणून ओरडायची सवय एकीलाही नव्हती. जन्मभर त्यांना हळू बोल, हळू हस असंच सांगितलं होतं. शिमग्याला बोंब मारायची ती गड्यांनी.

मग मॅडमनी दुसरी गोष्ट सांगितली. "घरात पुरुष नसला तरी पुरुषाचं नाव घेऊन हाक मारा. मालकाच्या नावाने. चोराला वाटलं पाहिजे, आत गडी हाय."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मॅडमना काही कळेना. आमच्याकडे आईच्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. 'अहो' म्हणतात, 'आमचे हे' म्हणतात, पोराच्या नावाने हाक मारतात. नाव घ्यायचं ते उखाण्यात, पुढे 'राव' लावून, लाजत, लग्नाकार्यात. "मंग चोर आल्यावर आधी उखाणा घ्यायचा का?" मागून कुणीतरी विचारलं आणि पुन्हा हशा पिकला.

तेवढ्यात ग्रेसबाई उठल्या. त्या आमच्या अंगणवाडीत मदतनीस, माहेर शिरूरच्या मिशन कंपाउंडातलं. त्यांच्या घरात असली आडकाठी नव्हती. त्यांनी कमरेवर हात ठेवले आणि "प्रभाकर!" अशी हाक ठोकली की रस्त्यापलीकडच्या हॉटेलात चहा पीत बसलेले त्यांचे मालक कपबशी हातात घेऊनच पळत आले. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. परत घराजवळ आल्यावर आई म्हणाली, "विद्ये, ह्या बाईचं बराबर हाय. तालीम केली पायजे."

आणि तालीम सुरू झाली. रोज संध्याकाळी गुरांना घास टाकून झाला की वस्तीवरच्या बायका आमच्या बांधावर जमायच्या. ग्रेसबाई अंगणवाडी आटोपून घरी जाताना तिथे थांबायच्या, त्या आमच्या वस्ताद. पहिल्या दिवशी कुसुमकाकूने उसाकडे तोंड करून, डोळे मिटून, जेमतेम ऐकू येईल असं "अहो दत्तात्रय" म्हटलं आणि पदरात तोंड खुपसलं. ग्रेसबाई म्हणाल्या, "अहो काढा त्यातलं. अहो म्हणेस्तोवर चोर कांदा भरून जाईल." दुसऱ्या दिवशी अहो गेलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आवाज पोटातून यायला लागला. एकदा तर तिने असा सूर लावला की दत्ताकाका धारेची बादली टाकून उसातून धावत आले, एका पायात चप्पल.

"काय झालं? काय झालं?"

"काय न्हाई," काकू म्हणाली. "तालीम हाय."

काका दोन मिनिटं तसेच उभे. बायको आपल्याला नावाने हाक मारते, तीही सगळ्या वस्तीदेखत, याचा राग मानावा की काय करावं ते त्यांना ठरवता येईना. शेवटी दुसरी चप्पल शोधायला गेले. काकू नंतर सांगायची की त्या दिवसापासून ते जरा ताठ चालतात.

काय संध्याकाळी होत्या त्या! ओल्या घासाचा वास, चिखलात रुतलेल्या चपला, उसाच्या शेंड्यांवर शेवटचं ऊन आणि बांधावर रांगेने उभ्या बायका आपापल्या नवऱ्यांच्या नावाने बोंब मारतायत. दत्तात्रय, शिवाजी, नामदेव, प्रभाकर. नावं उसावरून जायची आणि पलीकडच्या मळ्यातून कोणीतरी उगीचच "ओ" द्यायचं. मीही माझ्या नवऱ्याचं नाव घेतलं. मला त्यात नवल नव्हतं, मी त्याला नावानेच हाक मारते, तरी तिथे उभं राहून ओरडताना छातीतलं काहीतरी मोकळं झालं. माझ्या दुकानात हल्ली नव्या सुना येतात, "अरे रोहित, तुझा फोन दे जरा" असं सहज म्हणतात. मला त्यांचं कौतुक वाटतं. आणि या पोरींना तो बांध दाखवायला हवा होता, असंही वाटतं.

आईची पाळी आली की ती ओरडायची, "सुनीऽऽल!"

खणखणीत आवाज, काही नाव ठेवायला जागा नाही. पण ते दादाचं नाव. ही तिची जुनीच सवय. आमच्या लहानपणी अण्णा रानात असले की ती त्यांना दादाच्या नावानेच हाक मारायची. मग अण्णा मोटेवरून आणि दादा चिंचेखालून, दोघेही यायचे, आणि तिला कोण हवंय ते तिच्या चेहऱ्यावरून ओळखायचे. ग्रेसबाई म्हणाल्या, "मावशी, सुनीलदादा तर सणसवाडीला." आई म्हणाली, "चोराला काय म्हाईत?"

घरी आल्यावर मी म्हटलं, "आई, अण्णांचं नाव घे की."

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "गेलेल्या मान्साला हाका मारू नये."

थोड्या वेळाने पुन्हा बोलली. "आन् व्हते तवा कधी मारली न्हाई. आता मारली तर म्हनतील, मी गेल्यावर हिला बळ आलं."

मी हसले, पण मला आतून फार वाईट वाटलं. पूर्वी हळदीकुंकवाला, बारशाला बायका तिला आग्रह करायच्या, नाव घ्या, नाव घ्या. ती लाजून घ्यायची, रघुनाथराव. अण्णा गेल्यावर तिला कुणी उखाण्याचा आग्रह केला नाही. विधवेला करत नाहीत. ते नाव तोंडात यायची एवढीच एक वाट होती, तीही बंद झाली. वर्षभर तिने ते नाव कुणाजवळ काढलं नव्हतं, आणि आमच्यापैकी कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं. चोरांच्या निमित्ताने माझ्या लक्षात आलं. मी तिच्याजवळ सरकून तिच्या सुपातले खडे वेचायला लागले.

दिवस चांगले चालले होते. दिवेलागणीला कड्या लावल्या की मोठी संध्याकाळ आमची दोघींची. ती माझ्या डोक्याला तेल लावायची, मी तिला मोबाइलवर भजनं लावून द्यायची. घट बसले. दसरा आठवड्यावर आला. काहीही झालं नव्हतं. आई रोज सकाळी दिनदर्शिकेकडे बघायची, आणि तिच्या चालण्यात फरक पडला होता. ती जिंकत आली होती.

आणि मग ती संध्याकाळ. भुरभुर पाऊस होता, उजेड जायला लागला होता. बायका तालमीला आल्या नव्हत्या. मी गोठ्यात धार काढत होते, आई आत दिवा लावत होती. मागच्या बाजूचा ऊस सळसळला. मला वाटलं कुत्रं असेल. पण उसातून माणूस बाहेर आला. काळा रेनकोट, डोक्यावर टोपी ओढलेली, तोंडाला रुमाल. तो थेट मागच्या दाराशी गेला आणि कडीला हिसका दिला.

मी ओरडायला तोंड उघडलं. इतके दिवस तालीम केलेली मी, बांधावर सगळ्यांच्या वरचढ माझा आवाज, आणि तोंडातून नुसती हवा आली. कडी निघाली, उतरंड धडाधड कोसळली, आणि त्या आवाजावरून आईचा आवाज आला.

"रघुनाथ! आरं रघुनाथ, धाव!"

तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. तो तालमीतला नव्हता. त्याला 'अहो' नव्हतं, 'राव' नव्हतं. एखादी पोरगी आपल्या जोडीदाराला हाक मारते तसा तो होता, हक्काचा, रागाचा आणि घाबरलेला. वस्तीवर ज्याने ऐकला तो म्हणतो की अंगावर काटा आला. आईला तसं कधी कुणी ऐकलंच नव्हतं. काही झाल्याशिवाय ही बाई हे नाव घेणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून कुणी क्षणभर थांबलं नाही. दत्ताकाका फावड्याचा दांडा घेऊन आले, काकू मुसळ घेऊन, ग्रेसबाई वाटेवरून छत्री मिटून. रशीदमामा फाट्याकडून घरी चालले होते, त्यांनी गाडी तशीच आडवी टाकली. तोपर्यंत मलाही आवाज फुटला होता. सगळ्यांनी मिळून त्या रेनकोटला घेरलं आणि काकूने पहिला रट्टा घातला.

रेनकोट चिखलात बसला. तो मार लागून बसला असं आम्हाला वाटलं. दत्ताकाकांनी टोपी ओढली, रुमाल खाली सरकला. दादा होता.

"मॉक ड्रिल व्हतं," तो कसाबसा म्हणाला.

मग ग्रेसबाईंनी विचारलं, "म्हंजी काय?"

"कंपनीत करतात," रशीदमामा म्हणाले. "खोटी आग लावून बघतात, मान्सं पळतात का."

"मंग आग लावायची व्हती," काकू मुसळ खाली ठेवत म्हणाली. "म्या विझवली असती. हे काय!"

हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आईने सगळ्यांना चहा केला, पावसात भिजलेल्यांना टॉवेल दिले. माणसं गेल्यावर दादा ओट्यावर बसला. खांदा सुजला होता, आई त्याला हळद-तेल चोळत होती. त्याने मग सगळं सांगितलं. गाडी फाट्यावर उभी होती, डिकीत आईच्या कपड्यांसाठी बॅग होती. कुणी यायच्या आत आपण आईपर्यंत पोचलो तर दसऱ्याची वाट बघायची नाही, आजच घेऊन जायचं, असं त्याने ठरवलं होतं. पोचला असता तर कराराप्रमाणे आईला जावं लागलं असतं.

"पन न्हाई पोचलास," आई म्हणाली.

"न्हाई." मग तो म्हणाला, "आई, तू अण्णांना हाक मारलीस."

"कवा?"

"मघाशी. मी दारात व्हतो. नाव ऐकलं आन् माझे पायच गेले."

"मी सुनील म्हनले," आई म्हणाली आणि जरा जोरातच तेल चोळलं. दादा कळवळला. दादा हातांत तोंड झाकून रडत होता, आणि वर्षभरात, अण्णा गेल्यापासून, मी त्याला पहिल्यांदा रडताना बघत होते. तेराव्याच्या दिवशीसुद्धा तो मांडवाच्या वायरी तपासत होता.

त्यानंतर फ्लॅटचा विषय त्याने कधी काढला नाही. आई पुढे त्याच घरात राहिली. तिथेच एका दुपारी ताक पिऊन आडवी झाली ती उठली नाही, मागचं दार उघडं, पुढचं दार उघडं. आता त्या घराला कुलूप आहे आणि ते राखायचं काम काकू करते. मी महिन्या-दोन महिन्यांनी जाते, झाडलोट करते. या दिवसांत गेले तर ओट्यावर जरा जास्त वेळ बसते. उसातून वारा येतो. वस्तीवर कुणी कुणाला हाक मारली की ऐकू येते.

पण मला आठवते ती त्या प्रसंगानंतरची सकाळ. पाऊस उघडला होता. दादाला कामावर जायचं होतं. खांद्यामुळे त्याला शर्ट घालता येईना, आईने त्याला शाळेतल्या मुलासारखा शर्ट घातला, बटणं लावली. तो म्हणाला, "आई, राहा तू हितंच."

"राहतीच हाय की. तुला कुनी इचारलं?"

तो ग्रिलबाहेर गेला. चप्पल घातली. दोन पावलं गेला आणि परत फिरला. एवढा मोठा, केस पांढरे व्हायला लागलेला माणूस, पण जत्रेत काहीतरी मागावं तसा चेहरा करून गजाला धरून उभा राहिला.

"आई, एकदा घे ना नाव. कालच्यासारखं."

आईने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. कानापर्यंत लाल झाली ती, सत्तरी ओलांडलेली बाई. पदर डोक्यावर नीट ओढून घेतला आणि म्हणाली, "कशाला? आता कुठाय चोर?"